स्वतंत्र संचालकाचा जिना

४ जानेवारी

मोठा निर्णय घ्यायच्या आधी तो का घेतोय हे कागदावर लिहून ठेवा, असं मी विद्यार्थ्यांना गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे. म्हणजे पुढे तो अंगाशी आला की ‘मला आधीच वाटलं होतं’ अशी थाप मारता येत नाही. स्वतः मी हे कधी केलं नाही, कारण माझ्यावर तशी वेळच आली नाही. स्ट्रॅटेजी शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची स्ट्रॅटेजी लागत नाही. कॉलेजचं वेळापत्रक पुरतं.

आज मात्र वेळ आली. लिफ्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचा फोन आला. मी त्यांच्या संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून यावं, अशी त्यांची इच्छा आहे. स्वतंत्र म्हणजे ज्याचा कंपनीत हिस्सा नाही, नोकरी नाही, मालकाशी नातं नाही, आणि म्हणूनच ज्याने मालकाला अवघड प्रश्न विचारायचे असतात, असा माणूस. हा माणूस बैठकीत गप्प का बसतो, यावर माझी सगळी कारकीर्द उभी आहे. कंपन्या चोरांमुळे बुडतात त्याहून जास्त नंदीबैलांमुळे बुडतात, हे मी पुराव्यानिशी मांडलं तेव्हा परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे मी ‘प्रश्नांक’ काढला. बैठकीच्या इतिवृत्तात स्वतंत्र संचालकांचे किती प्रश्न नोंदले आहेत ते मोजायचं; जितके प्रश्न जास्त, तितकं मंडळ जागं. आता गुंतवणूकदारसुद्धा हा आकडा बघतात.

‘प्रोफेसर, आमचा प्रश्नांक फार खाली आहे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘म्हटलं, डॉक्टरांनाच घरी बोलवावं.’

मी विचार करून कळवतो म्हणालो आणि संध्याकाळी होकार कळवला. कारणं लिहून ठेवतो. एक, मंडळाचं काम आतून बघण्याची संशोधकाला मिळणारी दुर्मीळ संधी. दोन, समाजाचं हित. तिसरं काही नाही.

बायको दातांची डॉक्टर आहे. ती म्हणाली, लोकांना तोंड उघडायला लावणं सोपं नसतं, ती दिवसभर तेच करते म्हणून सांगतेय, आणि तिच्याकडे निदान भूल द्यायची सोय आहे. आईला मी संचालक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तू तिथे जाऊन चुका काढणार, आणि ते तुला चहा देणार?’ मी हो म्हटलं. ‘बघ बाबा,’ म्हणाली.

२२ जानेवारी

पहिली बैठक. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे नावाची पाटी, चामड्याचं फोल्डर, पाण्याची बाटली आणि एक पेन्सिल, इतकी टोकदार की वापरायला जीव होईना. समोर दुसरे दोन स्वतंत्र संचालक. एक निवृत्त साहेब, जे विचार करताना डोळे मिटतात आणि सतत विचार करतात. दुसऱ्या एक बँकेतल्या बाई, ज्यांचा फोन टेबलाखाली असतो आणि चेहरा टेबलावर.

आणि कंपनी सेक्रेटरी कोण निघाली? माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात हिचा हात कायम वर असायचा, म्हणून मी तिला ‘प्रश्नचिन्ह’ म्हणायचो. आता इतिवृत्त लिहिणं हे तिचं काम. मला बघून तिचा चेहरा असा काही उजळला, की मला माझ्या निवडीचं सार्थक वाटलं.

मी प्रश्नांची सरबत्ती लावली. कंपनीच्या ध्येयवाक्यात ‘उंची’ हा शब्द दोनदा का आला आहे? पंचवार्षिक योजनेच्या आकृतीत चौथ्या चौकोनातून बाण कुठे जातो? स्पर्धकांची व्याख्या आपण फार अरुंद तर करत नाही ना, म्हणजे जिना हाही आपला स्पर्धक नाही का? या शेवटच्या प्रश्नावर अध्यक्ष मनापासून हसले. दर प्रश्नाला ते म्हणत, ‘फार चांगला मुद्दा,’ आणि प्रश्नचिन्ह खाली मान घालून लिहून घेई.

शेवटी जोडपत्रांचा गठ्ठा होता. इथली पद्धत अशी, की अध्यक्ष चष्मा काढून विचारतात, ‘जोडपत्रं सर्वांच्या नजरेखालून गेली आहेत असं धरू?’ आणि सगळे माना हलवतात. मग ती मंजूर. वेळ वाचवण्याची उत्तम सोय. ब्रेकच्या चाचणीच्या पद्धतीत काहीतरी बदल, अशा नावाचं एक जोडपत्र होतं, ते मी वाचणार होतो, पण तेवढ्यात जेवण आलं.

९ फेब्रुवारी

आमच्या इमारतीची लिफ्ट म्हणजे एक म्हातारं, कण्हणारं प्रकरण. आम्ही सहाव्या मजल्यावर. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे लिफ्ट बंद पडली की ती घरात अडकते. बैठकीनंतरच्या गप्पांत मी हे सहज बोललो असेन. आज अध्यक्षांचा फोन. नवं मॉडेल लोकांना दाखवायला त्यांना एक इमारत हवीच होती, तर तुमचीच का नको? इमारतीवर काही बोजा नाही.

माझ्याच पुस्तकात ‘लहान उपकार’ नावाचं प्रकरण आहे, हे मी विसरलेलो नाही. संचालकाला बांधून टाकायला लाच लागत नाही, अगत्य पुरतं, असं मी त्यात म्हटलं आहे. पण तिथे मी व्यक्तीवरच्या उपकाराबद्दल लिहिलं आहे. ही लिफ्ट इमारतीला मिळते आहे. मी इमारतीत राहतो, हा योगायोग.

१ मार्च

नवी लिफ्ट सुरू झाली. आत आरसा, मंद दिवा, आणि मजला सांगणारा एक शांत बाईचा आवाज. इमारतीच्या समितीने खालच्या दालनात छोटा समारंभ केला, मला पुष्पगुच्छ दिला. तिसऱ्या मजल्यावरचे वकील, जे एरवी माझ्या गाडीच्या जागेवरून वाद घालतात, ते म्हणाले की असा शेजारी मिळायला भाग्य लागतं. मी विनयाने पुष्पगुच्छ दुसऱ्या हातात घेतला.

आई तर लहान मुलीसारखी हरखली आहे. सकाळ-संध्याकाळ खाली बागेतल्या बाकावर जाते. तिथे तिच्या दोघी मैत्रिणी येतात. कोणाच्या मुलाचं कुठे काय चुकलं याची तिघी मिळून अशी कसून चौकशी करतात, की यांच्या बाकाचा प्रश्नांक मोजला तर देशातली कुठलीही कंपनी जवळपास येणार नाही. हे वाक्य मी जेवताना बोलून दाखवलं. बायको हसली नाही, पण तिचा दिवस दमवणारा गेला होता.

१२ मार्च

दुसरी बैठक. माझे प्रश्न मागच्यापेक्षा जास्त आणि, मला वाटतं, जास्त धारदार. अध्यक्षांनी सांगितलं की आपला प्रश्नांक या क्षेत्रात पहिल्या क्रमांकावर जाण्याच्या बेतात आहे. निवृत्त साहेबांनी डोळे न उघडता टाळी वाजवली.

पार्किंगमध्ये प्रश्नचिन्ह माझ्या गाडीजवळ उभी होती. म्हणाली, ‘सर, पुढच्या वेळी एक प्रश्न विचाराल?’

तिने जे सांगितलं ते असं. आधी प्रत्येक लिफ्टचा ब्रेक बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासला जायचा. मागणी वाढली, तिथे खोळंबा व्हायला लागला. मग कंपनीने ही तपासणी घरच्या घरी करायचं ठरवलं, आणि तीही सगळ्या ब्रेकची नाही, त्यातल्या मोजक्यांचीच. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाईंनी यावर सही करायला नकार दिला. त्या आता रजेवर आहेत. रजा त्यांनी मागितलेली नाही.

तपासणीतला हा बदल जानेवारीच्या त्याच जोडपत्रात होता. आमच्या नजरेखालून गेलं आहे असं धरलेल्या.

मी विचारलं की ती स्वतः हा विषय का मांडत नाही. ‘कारण माझं काम लिहायचं आहे, सर. मंडळातल्या कोणी विचारलं, तरच त्यांना उत्तर द्यावं लागतं. मला लिहिता येतं, विचारता येत नाही.’

मी तिला वेळेचं महत्त्व समजावलं. मंडळावर नव्या आलेल्या माणसाने आधी विश्वास कमवावा, मग तो खर्च करावा. ती म्हणाली, ‘वर्गात तुम्ही हे उलट शिकवलं होतंत.’ मी म्हटलं, वर्गात वेळ कमी असतो. मी नक्की विचारेन, योग्य वेळी, असा शब्द दिला. तिने मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही.

१३ मार्च

आजपासून लिफ्टने जायचं नाही. जिना. पोटाचा घेर वाढला आहे आणि डॉक्टर गेल्या वर्षीच चालायला सांगत होते. या वयात माणसाने प्रकृतीची हेळसांड करू नये. चौथ्या मजल्यावर धाप लागली, पण बरं वाटलं.

३० मार्च

जिन्याचा नेम चालू आहे. इमारतीतल्या लोकांना कौतुक वाटतं. वकील लिफ्टमध्ये शिरताना म्हणाले, ‘लिफ्ट आम्हाला देऊन स्वतः पायी! याला म्हणतात साधेपणा.’ त्यांची दोन्ही नातवंडं त्यांच्याबरोबर होती. दार बंद होईपर्यंत धाकटी मला हात हलवत होती. मी भराभर वर चढलो.

१७ एप्रिल

वर्गात आज ‘मंडळाचं मौन’ हे प्रकरण घेतलं. दरवर्षी याच तासाला वर्ग सगळ्यात रंगतो. एकेक बुडालेली कंपनी घ्यायची आणि विचारायचं, इथे कोणी काय विचारायला हवं होतं? मुलं पटापट उत्तरं देतात. मागून पाहिलं की सगळंच सोपं दिसतं, असं मी म्हणतो, आणि मुलं हसतात.

शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, तुम्ही स्वतः मंडळावर आहात ना? तिथे तुम्ही विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न कोणता?’ मी म्हटलं की बैठकीतल्या गोष्टी गोपनीय असतात. हे खरंही आहे. तास लवकर संपवला, घसा बसला होता.

६ मे

कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी मुख्यतः प्रश्नांक बघितला, असं मानपत्रात लिहिलं आहे. अध्यक्षांनी मंचावर मला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, ‘आम्हाला प्रश्न विचारणारा माणूस मिळाला.’ फोटोत मी जरा सुजल्यासारखा दिसतो.

त्याच दिवशी प्रश्नांकावरचा माझा नवा निबंध नियतकालिकाने स्वीकारल्याचं पत्र आलं. इतकी वर्षं मेहनत केली, आता कुठे दिवस आले आहेत. अशा वेळी उगाच कुठल्या गोष्टीत घाई करणं शहाणपणाचं नव्हे.

१४ मे

तिसरी बैठक. आज विचारणारच होतो. प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवला होता. जोडपत्रांची वेळ आली, अध्यक्षांनी चष्मा काढला, ‘सर्वांच्या नजरेखालून...’ म्हणत माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, ‘प्रोफेसरांचा काही मुद्दा आहे वाटतं.’

सगळे माझ्याकडे बघत होते. निवृत्त साहेबांनी एक डोळा उघडला होता. माझ्या तोंडून निघालं ते असं: वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठाचा निळा रंग सुरक्षिततेची भावना पोहोचवतो का?

‘फार चांगला मुद्दा,’ अध्यक्ष म्हणाले.

मी असं बघतो की खडा टाकून पाहिला. ‘सुरक्षितता’ हा शब्द आता इतिवृत्तात आला आहे, पुढच्या वेळी त्यालाच धरून आत शिरता येईल. प्रश्नचिन्हाने निळ्या रंगाचं लिहून घेतलं. आज पार्किंगमध्ये ती दिसली नाही.

२ जून

बायको म्हणाली, लिफ्ट हल्ली मजल्याच्या थोडी खाली थांबते. बाहेर पडताना पाय उचलून टाकावा लागतो. काल ती अडखळली. मी लगेच अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, नवीन यंत्र आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो, माणूस पाठवतो. माणूस आला, काहीतरी पुसलं, सही घेऊन गेला. विषय मिटला.

बायकोला मी जिन्याचे फायदे सांगितले. ती म्हणाली, दिवसभर उभं राहून पाय तुटतात, तुझं कौतुक तुलाच लखलाभ. आणखी आग्रह केला असता तर तिने कारण विचारलं असतं.

१५ जून

आज लिहायला हात धजत नाही, पण ही वही त्यासाठीच आहे.

रविवार. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. खाली बाकावर तिच्या दोघी मैत्रिणी होत्या. त्या वर बघून हात हलवत होत्या आणि आई इकडून हात हलवत होती. माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत मी तिला खाली जाताना पाहिलेलं नाही. विचारलं, गुडघे फार दुखतात का?

‘गुडघे आहेत तसेच आहेत.’

‘मग खाली का जात नाहीस?’

‘तू जिन्याने जातोस ना,’ ती म्हणाली.

मला काही कळेना. म्हटलं, मी व्यायाम म्हणून जातो, त्याचा तुझ्याशी काय संबंध? तिने माझ्याकडे बघितलं. मी शाळेतून येऊन पोट दुखतं म्हणायचो तेव्हा अशीच बघायची.

‘अरे, तू तिथला संचालक. लिफ्ट तुझ्या कंपनीची. आणि तूच तिच्यात पाय ठेवत नाहीस. मला त्यातलं काय कळतंय? पण काहीतरी असल्याशिवाय तू सहा मजले चढायचा नाहीस. तू खालून पेपरसुद्धा आणत नाहीस.’

‘मग मला विचारलं का नाहीस?’

‘सांगण्यासारखं असतं तर तू सांगितलं असतंस.’

मी पुन्हा डॉक्टर, वजन वगैरे सांगायला लागलो. तिने मान डोलावली. आमचं मंडळ डोलावतं, हुबेहूब तशी. मग खाली बाकाकडे बघत हळूच म्हणाली, ‘माझं राहू दे. मी काय, घरात बसेन. पण तुझी बायको रोज त्यातूनच जाते. तिला तरी सांग.’

मी आत आलो आणि दार लावून घेतलं. मला लाज वाटली. इतकी की आरशात बघवेना. कारण तेरा मार्चला मी या वहीत पोटाच्या घेराबद्दल लिहिलं, तेव्हाही मला ठाऊक होतं. माझे पाय मला खरं सांगत होते, आणि मी दर संध्याकाळी वकिलांच्या नातवंडांना लिफ्टने वर जाताना बघत होतो.

१६ जून

बायकोला सांगितलं. दवाखान्यात जाऊन सांगितलं, घरी धीर झाला नसता. ती हातमोजे काढत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, ‘कधीपासून माहीत आहे?’ मी खरं सांगितलं. तिने मोजे टाकले, हात धुतले, बराच वेळ धुतले. मग म्हणाली की पुढचा पेशंट थांबलाय.

संध्याकाळी ती जिन्याने वर आली. माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली.

मी लिफ्टच्या दाराला ‘बंद आहे’ अशी पाटी अडकवली आणि मुख्य कळ बंद केली. पाटी कोणी लावली म्हणून खाली गलका झाला. मी पुढे होऊन म्हटलं की मी लावली, चाचणी होईपर्यंत ही वापरू नका. वकिलांनी विचारलं, कसली चाचणी? मी म्हटलं, ब्रेकची. ती झाली होती का, हे विचारायचं काम माझंच होतं. पुष्पगुच्छ देणारे हात आता माझ्याकडे बोट दाखवत होते.

२६ जून

बैठक. घरून निघताना आईने ‘जेवून येणार का?’ विचारलं. मी म्हटलं, बहुतेक जेवायला ठेवणार नाहीत.

ध्येयवाक्य आलं, मी गप्प. पंचवार्षिक योजना आली, आकृत्या आल्या, मी गप्प. अध्यक्षांना चैन पडेना. दोनदा म्हणाले, ‘प्रोफेसर आज शांत?’ त्या टोकदार पेन्सिलीचं टोक मी कधी मोडलं तेही मला कळलं नाही.

मग जोडपत्रं. चष्मा निघाला. ‘सर्वांच्या नजरेखालून गेली आहेत असं धरू?’

‘माझ्या गेलेली नाहीत,’ मी म्हणालो. ‘ब्रेकची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून का काढली?’

अध्यक्ष म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे, आपण चहाच्या वेळी बोलू. मी म्हटलं, इथेच बोलू. ते म्हणाले, हा निर्णय तर मंडळानेच मंजूर केला आहे, तुम्हीही होतात. मी म्हटलं, हो, मीही होतो.

माझ्या निबंधांत प्रश्न विचारल्यानंतर काय होतं, यावर काहीच नाही. तेव्हा निवृत्त साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. ‘उत्तर मलाही ऐकायचं आहे,’ ते म्हणाले. बँकेतल्या बाईंनी फोन टेबलावर उपडा ठेवला. इतके महिने मी त्यांना झोपलेले समजत होतो. कदाचित तेही मला तेच समजत असतील.

शेवटी आम्हा तिघांच्या आग्रहामुळे ठरलं की बसवलेल्या लिफ्टचेही सगळे ब्रेक पुन्हा बाहेर तपासले जातील आणि तोपर्यंत एकही नवी लिफ्ट जाणार नाही. रजेवरच्या बाईंना बोलावून घ्यायचंही ठरलं. जेवण होतं, पण माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

४ जुलै

अध्यक्षांच्या कार्यालयातून इतिवृत्ताचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं, ‘सुरक्षेच्या विविध पैलूंवर सदस्यांनी समाधानकारक चर्चा केली.’ प्रश्न गायब. थोड्या वेळाने प्रश्नचिन्हाचा फोन. तिने माझा प्रश्न शब्दशः लिहिला होता, तो वरून बदलला. ती म्हणाली, ‘तुम्ही हरकत घेतलीत तर मला मूळ मसुदा ठेवता येईल. पण मग माझं इथलं संपलं. तरी घ्या, सर.’

मी तिला विचारलं की दुसरी नोकरी आहे का. नव्हती. माझ्या तोंडात आलं होतं की थोडी वाट बघू, योग्य वेळी... वाक्य गिळलं. हरकत कळवली. शब्दशः मसुदा राहिला.

११ जुलै

प्रश्नचिन्हाला जुनी कागदपत्रं लावायच्या कामाला तळघरात बसवलं. तिने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. माझा राजीनामा मात्र अध्यक्षांनी सोयीसाठी स्वतःच टाईप करून पाठवला, फक्त सही करायची होती. शेवटी ‘शुभेच्छांसह’ होतं. मी सही केली नाही. म्हणालो, तपासणीचा अहवाल बघून करीन. त्यांनी मला पुन्हा ‘प्रोफेसर’ म्हटलं नाही.

सवयीने मी जूनच्या बैठकीचा प्रश्नांक काढला. इतक्या तासांत एकच प्रश्न. माझ्या सूत्राप्रमाणे हे मंडळ गाढ झोपेत आहे आणि कंपनी लवकरच बुडेल. निळ्या रंगाच्या बैठकीला मात्र पैकीच्या पैकी. मी तीनदा आकडेमोड केली. आकडेमोड बरोबर आहे.

प्रश्नचिन्हाला हे सांगितलं, तर ती इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हसली. म्हणाली, विद्यार्थी असतानाच तिला ही शंका होती, हातही वर केला होता. मी तास संपल्यावर विचार म्हणालो होतो.

निबंध परत मागवला. संपादकांनी कारण विचारलं. लिहिलं की लेखकाकडून एक बैठक मोजायची राहिली होती. मग ते खोडून खरं कारण लिहिलं.

३० जुलै

प्रयोगशाळेचा अहवाल. तपासलेल्यांतले बरेच ब्रेक नापास. त्यात आमच्या इमारतीचा आहे. किती दिवस टिकला असता, असं मी अहवाल घेऊन इमारतीत आलेल्या तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, असं काही सांगता येत नाही, आणि जिन्याने वर जाणाऱ्या माझ्या बायकोकडे बघत राहिला. कुठेही कोणाला इजा झालेली नाही. हे वाक्य मी अहवालात पुन्हा पुन्हा वाचतो. यात माझं श्रेय काही नाही. नशीब बलवत्तर होतं, ते सगळ्यांचं.

बायको आता माझ्याशी बोलते. परवा म्हणाली की दाढेतला किडा काढायला इतका उशीर केलेला पेशंट तिने दुसरा बघितला नाही. पण काढलास, असंही म्हणाली.

१६ ऑगस्ट

नवा ब्रेक बसला. बाहेरच्या तपासनिसाने दिवसभर वजनं टाकून लिफ्ट वरखाली केली आणि संध्याकाळी दारावरची पाटी काढली. खाली सगळी इमारत जमली होती. दोन महिने जिना चढून सगळ्यांचे चेहरे उतरलेले. दार उघडलं, आतून तो शांत आवाज आला, आणि कोणी पुढे होईना. वकिलांनी नातवंडांचे हात धरून ठेवले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी जिन्याने वर गेलो. सवय. आईला सांगितलं, लिफ्ट सुरू झाली, कागद मी स्वतः वाचले, चाचणी होताना खाली उभा होतो. खाली तुझ्या मैत्रिणी बसल्या आहेत.

ती उठली. चप्पल घातली, केस सारखे केले. लिफ्टच्या दारापर्यंत माझ्या हाताला धरून आली आणि उंबऱ्याशी थांबली. अहवालाबद्दल विचारेल, ब्रेकबद्दल विचारेल, म्हणून मी तयारीत होतो.

‘तू येतोयस ना बरोबर?’ तिने विचारलं.

सहा महिने मी काय काय विचारलं आणि काय काय मोजलं, ते सगळं आठवलं. मी आधी आत गेलो, वळून तिला हात दिला, आणि ती पाऊल उचलून आत आली. लिफ्ट मजल्याला अगदी बरोबर लागली होती, पाय उचलायची गरज नव्हती. दार लागलं. खाली पोहोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, आणि मीही नाही.